कापलेल्या टेपमधली माणसं

रेडिओच्या कामात वय घालवलेला माणूस कुठंही बसला की लोक म्हणतात, एखादा किस्सा सांगा. एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतोच. सत्तरच्या दशकात मी नागपुरात, धंतोलीच्या एका लहानशा स्टुडिओत टेप कापायचो. एका मसालेवाल्याच्या जाहिरातीसाठी आम्ही रेडिओवर स्पर्धा चालवायचो, 'बोलून तर पाहा'. स्पर्धकानं आमच्या निवेदकाशी, शरदरावांशी, गप्पा मारायच्या, श्रोत्यांनी पोस्टकार्डावर आपला आवडता कळवायचा. गप्पा वीस मिनिटांच्या, रेडिओवर वेळ मिळायचा चार मिनिटांचा. बाकीचं माझं ब्लेड बघायचं.

* * *

डोमाजी रामटेककडचे, धानाची शेती करणारे. प्रत्येक प्रश्नावर इतका विचार करत की शरदराव दोनदा घड्याळ बघत. मी बोलण्यातले सगळे थांबे कापले. पोस्टकार्डं आली, काय हजरजबाबी माणूस आहे! डोमाजी पहिले आले.

बक्षीस घ्यायला आले तेव्हा शरदरावांनी विचारलं, कसं वाटतं? डोमाजी छताकडे बघत राहिले. चहा आला, पिऊन झाला, कप परत गेले. मग म्हणाले, "बरं वाटून राहिलं."

* * *

सक्करदऱ्याच्या देशकरबाई शिक्षिका. "मले वाटते, माझं चुकत असंल, पण..." असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नसे. वेळ वाचवायला मी ते सगळं उडवलं. श्रोत्यांनी लिहिलं, बाई भारी गर्विष्ठ. एकही मत पडलं नाही.

बाई स्टुडिओत आल्या. मी माफी मागायलाच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "मले वाटते, माझं चुकत असंल, पण आता वर्गात पोरं चूप बसून राहिली."

* * *

उमरेडची शांता विणकराच्या घरची सून. सासरचं पहिलं जेवण कसं होतं, असं शरदरावांनी विचारलं. ती म्हणाली, "सासूनं रस्सा वाढला. असा तिखट, डोळ्यांतून पाणीच आलं." स्टुडिओत सगळे हसले. मी तिथंच कापलं. हसण्यावर कापलं की भाग छान संपतो.

आठवड्यानं तिची सासू, गिरजाबाई, तिला घेऊन दारात उभ्या. गल्लीतल्या बाया गिरजाबाईंना 'सुनेले रडवणारी' म्हणत होत्या. त्यांनी चुलीजवळ जाणंच सोडलं होतं. मी याच्या पुढंही बोलली होती, असं शांता सांगत होती, पण सासूचा विश्वास नव्हता.

कापलेले तुकडे मी काही दिवस ठेवायचो. शांताचा तुकडा शोधून मशीनवर लावला.

"पण ते पाणी तिखटाचं नव्हतं. माय गेल्यापासून मले असं कोणी बसवून वाढलंच नव्हतं."

गिरजाबाईंनी तीनदा लावायला सांगितलं. मग सुनेकडे न बघता विचारलं, "घरी काहून नाही सांगितलं वं?"



पुढच्या भागात हे वाजवतो, असं मी म्हटलं. गिरजाबाई नको म्हणाल्या. त्यांना तो तुकडाच हवा होता. मी ती चार हात टेप काढून दिली. त्यांनी घडी करून पदराच्या टोकाला बांधली.

"मावशी, हे वाजवायले मशीन लागते," मी म्हणालो.

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या.