चढताना डावा, उतरताना उजवा

चेकर मावशी चेकर नव्हत्या, कंडक्टर होत्या. पण नळदुर्गहून सुटणाऱ्या गाड्यांतली माणसं त्यांना चेकरच म्हणायची. गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाकडे त्या अशा बघायच्या, की खिशात रीतसर पास असलेल्यालाही खिसा चाचपून पाहावासा वाटे. एखादी बाई दांडगं पोर मांडीवर घेऊन "साडेचार वर्षांचं हाय" म्हणाली, तर मावशी वाद घालत नसत. पोराच्या गालाला हात लावून लाडानं विचारत, "बाळा, तुला कोणती बाई शिकवती रं?" पोरगं फुशारून सांगे, "दुसरीला पवार बाई!" मग आई कपाळाला हात लावी आणि मशीनमधून अर्धं तिकीट बाहेर येई.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहत. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही, माकणीकडे मेंढरं राखणारा एक भाऊ. घरीही त्यांची ड्यूटी सुटत नसे. दाराला कुलूप लावून फाटकापर्यंत जायच्या, परत येऊन कुलूप ओढून बघायच्या. माझी आई वाटीभर दूध द्यायची, तर त्यात तिच्यादेखत बोट बुडवून धार बघायच्या. आई रागावली की म्हणायच्या, "तुमच्यावर न्हाय वो, म्हशीवर संशय हाय."

हा संशय माझ्या कामीही आला. मला एक स्थळ सांगून आलं, तेव्हा मावशींनी मुद्दाम त्या गावच्या गाडीवर ड्यूटी लावून घेतली आणि तिकिटं फाडता फाडता अख्ख्या गावाला त्या घराबद्दल विचारलं. संध्याकाळी येऊन आईला म्हणाल्या, "पोरगं निर्व्यसनी हाय. पण सासू स्वतः खिडकीजवळ बसती आन् सासऱ्याला उभं ठिवती. पोरीला खिडकी मिळायची न्हाय." आईनं नकार कळवला. आज मी शिक्षिका आहे, माझ्या घरात खिडकीजवळ मीच बसते, आणि त्याचं श्रेय मावशींना देते.

एकदा त्यांच्या गाडीत मीही होते. एक उतारवयाचा माणूस पाय ओढत चढला आणि त्यानं अपंगांच्या सवलतीचं कार्ड पुढं केलं. कार्डावरचा फोटो पार पुसट झालेला. मावशींनी सवलतीचं तिकीट देऊन कार्ड परत केलं. फाट्यावर तो उतरायला लागला तेव्हा त्यांनी भर गाडीत त्याला अडवलं. "चढताना डावा पाय वडत हुता, आता उतरताना उजवा कसा काय वडायलाव?" सगळी गाडी हसली. तो काहीतरी पुटपुटला, पूर्ण तिकिटाचे पैसे दिले आणि मान खाली घालून गेला. मेंढरांमागं बालपण गेलेल्या मावशी त्या रात्री ओट्यावर आम्हाला सांगत होत्या, "माणूस बोलताना खोटं बोलतंय, चालताना न्हाय."

मग एका वर्षी त्यांना ताप आला. अंगदुखीचा ताप, तेव्हा घरोघर होता. ताप गेला, पण पहिल्या मावशी काही परत आल्या नाहीत. रात्रभर झोपून उठल्या तरी जागरण केल्यासारख्या दिसत. केस धुतले की दोन दिवस आडव्या. भाताचं पातेलं उतरवलं की त्या तिथंच चुलीपाशी बसून राहत. रक्त, शुगर, थायरॉईड, सगळे रिपोर्ट चांगले. मावशींना आधी लॅबचाच संशय आला. सोलापूरला जाऊन पुन्हा सगळं तपासून घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि म्हणाले, यात माणूस झेपेल त्याहून थोडं जास्त काम करतो आणि पुढचे कितीतरी दिवस त्याची फेड करतो. "नाव लई मोठं हाय," मावशी म्हणाल्या, "पण दिसत कुठं न्हाय."

कित्येक महिने त्यांनी डेपोत कुणाला कळू दिलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आजारी मेंढरू कळपाच्या मधून चालतंय. मागं राह्यलं की लांडगं उचलतंय." शेवटी चालत्या गाडीत दांडी धरून खाली बसल्या, तेव्हा सगळ्यांना कळलं. डेपोतली माणसं केळी घेऊन बघायला आली. दळण कुणी आणलं, अंगणातली रांगोळी कुणी काढली, असं हळूच विचारून गेली. ती गेल्यावर मावशी म्हणाल्या, "केळी आणल्यात, पण चेकिंगला आल्यात."

खरं तर सगळ्यांत कडक चेकिंग त्या स्वतःच स्वतःचं करत होत्या. आपण आळशी तर झालो नाही ना, हे बघायला एकदम उठून अख्खं अंगण झाडायच्या. झाडून व्हायचं. मग त्या मला विजयानं सांगायच्या, "बघ, जमतंय की! म्हंजी सोंगच हाय माझं." आणि दुसऱ्या दिवसापासून अंथरुणाला खिळायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

डेपोनं सांगितलं, मेडिकल बोर्डाचा अपंगत्वाचा दाखला आणा, चौकशीच्या खिडकीवर बसून काम देऊ. नाहीतर गाडीवर या किंवा नोकरी सोडा. त्या खिडकीवर मावशींची भाकरी होती. तारीख मिळाली. प्रवास झेपावा म्हणून त्या आठवडाभर पडून राहिल्या आणि त्या दिवशी केसांना तेल लावून, इस्त्रीची खाकी घालून ताठ निघाल्या. साहेबापुढं गबाळं जायचं नसतं, ही त्यांची शिस्त. रांगेतसुद्धा मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "त्यो बघ, काठी कोरी हाय. हाताला घट्टा न्हाय." आत डॉक्टरांनी चालायला लावलं, हात वर करायला लावले, बोटं दाबायला सांगितली. मावशींनी सगळं चोख करून दाखवलं. डॉक्टर वाईट नव्हते, दमलेले होते. त्यांनी मावशींच्या पायांकडे बघितलं, आणि ते बघणं मला फार ओळखीचं वाटलं. "मावशी, तुम्ही तर छान चालता," ते म्हणाले.

मी मध्ये पडले. "सर, उद्या घरी येऊन बघा त्यांना."

"मला आज जे दिसतं तेवढंच लिहिता येतं, मॅडम."

मावशी मला गप्प करत म्हणाल्या, "बरोबर हाय साहेबांचं. म्या असते तर म्याबी सोडलं नसतं."

घरी आल्यावर चार दिवस मी त्यांना चमच्यानं चहा पाजला. त्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. काठी घेऊन जा, जरा लंगडा, आत गेल्यावर चक्कर आली म्हणा. "म्या लोकास्नी याच्यापायी गाडीतनं उतरवलंय," त्या म्हणाल्या. "सोंग करायचं न्हाय. खरंच दाखवायचं." पुन्हा तारीख मिळाली, तेव्हा आदल्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या वाकळा काढून धुतल्या. मी अडवलं तर म्हणाल्या, "धुऊ दे गं. उद्या बघू देत साहेबाला, थकवा म्हंजी काय असतंय."

दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात उभी राहिली आणि मावशींना उठून बसता येईना. उठवलं की मान कलंडायची. डोळे मिटूनच म्हणाल्या, "साहेबाला म्हणावं, आता बघा."

मी एकटीच गेले. बोर्डाच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंट कुठाय?" म्हटलं, घरी आहे, उठता येत नाही. मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. "झोपलेल्या माणसाचा व्हिडिओ कुणीबी काढंल, मॅडम," तो म्हणाला. "उठता येईल त्या दिवशी घेऊन या."

डेपोनं दिलेली मुदत संपली. मावशींनी राजीनामा दिला आणि भावाकडे जायचं ठरवलं. त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. भावानं गाठोडी मागं नेली. मावशी पुढच्याच राखीव सीटवर टेकल्या, तिथून पुढं जाण्याचं त्राणच नव्हतं. नवा, तरुण कंडक्टर आला. त्यानं त्यांना आपादमस्तक पाहिलं. "मावशी, ही सीट अपंगांची हाय. कार्ड हाय का?"

मी भांडायला तोंड उघडलं, पण मावशी उठल्या होत्या. सीटांच्या पाठी धरत धरत मागच्या खिडकीशी जाऊन बसल्या. मी खालून त्या खिडकीपाशी गेले. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, तेव्हा माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "त्यो फाट्यावर उतरलेला गडी आठवतो का गं? चढताना डावा, उतरताना उजवा... दोनीबी पाय दुखत असतील का गं त्याचं?"