धुऱ्याला धुरा

साठाव्या पाळीला माझं साम्राज्य पुन्हा कोसळलं. त्या आठवड्यातली ही अकरावी वेळ. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मी कम्प्युटर गेमचा प्रोग्रामर आहे. आमचा गेम पाळीपाळीने खेळायचा. आधी तुम्ही चाल करायची, मग कम्प्युटरने. नकाशावर चौकोन असतात, त्यांत गावं वसवत राज्य वाढवायचं. कम्प्युटरने नवं गाव कधी आणि कुठे वसवायचं हे ठरवणं म्हणजे एक्स्पान्शन लॉजिक. ते मी लिहितो. थोडक्यात, कम्प्युटरला अक्कल मी देतो. यावर आमच्या घरात काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

माझा नियम सोपा होता: चांगली जमीन दिसली की गाव वसव. कम्प्युटर आज्ञाधारक. नदी दिसली, गेला. टेकडीपलीकडे खाण दिसली, तिकडे गेला. पन्नास पाळ्यांत त्याची गावं नकाशाच्या चारही कोपऱ्यांत. मग रस्ते पुरत नाहीत, शिपाई पुरत नाहीत, एकेक गाव हातचं जातं.

पुण्याहून ऋतामॅडमचा फोन आला. त्या माझ्या बॉस, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान.

"गजानन, शुक्रवारी क्लायंटला डेमो आहे. टेस्टर म्हणतात, कम्प्युटर स्वतःच मरतो, आम्हाला काही करावंच लागत नाही."

"बघतोय मॅडम."

"नाही जमलं तर पुढचे सहा महिने तुम्ही इथेच बसा. टीमसोबत."

टीम म्हणजे पंचविशीतली पोरं. मी पुण्यातली खोली सोडून जळगाव जामोदला आलो त्याला चार वर्षं झाली. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कॉटबेसिसवर राहायचं, या विचारानेच माझी पाठ दुखायला लागली.

बुधवारी दुपारी दादा आला. माझा थोरला भाऊ, शेती तोच पाहतो. चहा पिता पिता स्क्रीनकडे बघत होता.

"हे कोणाचं राज्य बे?"

"कम्प्युटरचं."

"मंग इतक्या दूर काऊन गेला? घराजोळचं वावर तं रिकामंच हाय."

"तिकडची जमीन चांगली आहे, दादा."

"राखण कोण करन? धुऱ्याले धुरा लागून पाहिजे."

धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्याकडे लागून असलेलं वावर विकायला निघालं तर लोक जास्त भाव देऊन घेतात आणि दूरच्या काळ्याभोर जमिनीकडे ढुंकूनही बघत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. कोडमध्ये लिहावं, एवढं मात्र सुचलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत नियम बदलला. जमिनीच्या दर्जापेक्षा आपल्या हद्दीला लागून असण्याला जास्त गुण. राज्य शंभराव्या पाळीपर्यंत टिकलं. मी बायकोला शेवभाजी करायला सांगितली.

गुरुवारी सकाळी पाहिलं तर कम्प्युटरचं शेजारच्या राज्याशी युद्ध जुंपलेलं. हद्दीवरच्या एका चौकोनासाठी. त्या चौकोनात खडकाशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या अंगाला सहा चौकोन ओस, लागूनच. पण साहेब वीस पाळ्या त्या खडकावर सैन्य ओतत होते. माझ्या नियमात धुरा सोडायची सोयच नव्हती.

दादा पुन्हा आला होता. बराच वेळ बघत राहिला.

"येडा हाय का हा? दे म्हना सोडून."

इथे सांगायला हवं, की आमच्या चुलतभावाने नांगरताना आमच्या बाजूचा हातभर धुरा कोरला म्हणून दादा अकरा वर्षं त्याच्याशी बोललेला नाही. मी मान वर न करता विचारलं, "तू सोडशील?"

दादाने कप खाली ठेवला. "मी काय कम्प्युटर हाओ का?"

मी एक ओळ वाढवली: तीन पाळ्यांत जागा हाती आली नाही, तर तिचा नाद सोड आणि दुसरीकडे बघ. शुक्रवारी क्लायंट त्या कम्प्युटरशी खेळला आणि हरला. ऋतामॅडम म्हणाल्या, "छान. तुम्ही तिकडूनच काम करा." लगेच गेममधल्या आणखी दोन राज्यांचं कामही दिलं.

पसारा लागून लागून वाढवावा, आणि भांडण होणार ते लागूनच होणार हे धरून चालावं. एवढंच शिकलो.

शनिवारी सकाळी दादा मोजमापाची टेप घेऊन दारात उभा. "तू इथंच हायेस ना आता? चाल धुऱ्यावर, दुसरं टोक धर."

पुण्याला गेलो असतो तर वाचलो असतो.