‘तुमच्यात असंच असतं’

“तुमच्यात सगळे असेच असतात, की तूच?”

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा ते माझ्याकडे बघतही नव्हते. केसपेपरवरचं माझं आडनाव वाचत होते. आडनावाखाली पत्ता, डोंबिवलीच्या खाडीकडेचा आमचा कोळीवाडा. तेवढं वाचूनच त्यांचं निदान झालेलं.

मी सांगत होते की वर्षभरात मी काळी पडलेय. वजन उतरलंय, ड्रेस सगळे आत घेतलेत. सकाळी उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसले. “लग्नाचं बघतायत का घरी?”

मी हो म्हटलं. बघत होतेच.

“मग टेन्शन रंगाचं आहे. अगं, तुमच्यात असंच असतं. उन्हात बसायचं, सुकी मासळी खायची, मिठाचा मारा. मीठ कमी कर. सुकं बंद कर. एक क्रीम देतो.”

मी उन्हात बसत नाही. ठाण्यात एका विमा एजंटच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. एसीखाली, अंगावर ओढणी गुंडाळून. हे सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल मारलेली. माझ्या आधी एक बाई आत होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांना निघताना “काळजी घ्या तुम्ही” म्हणाले, ते मी बाहेर बसून ऐकलं होतं. मला मात्र तू. बीपीचं मशीन टेबलावर होतं, पट्टा गुंडाळलेला. तो त्यांनी सोडलाच नाही. माझ्या अंगाला बोटही लावलं नाही.

आणि मी काय केलं? “थँक्यू डॉक्टर” म्हटलं. यासाठी मला आजही त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

पण खरं सांगायचं तर ते बोलले ते मला नवीन नव्हतं. शाळेत गॅदरिंगला मला कायम मागच्या रांगेत उभं केलेलं. ऑफिसातली एक जण रोज डबा उघडला की विचारायची, “आज काय, बोंबील?” डब्यात मेथीची भाजी असली तरी. हे ऐकत वाढलं की माणूस स्वतःच आधी मान खाली घालतो. डॉक्टर शिकलेला माणूस. तो म्हणतो म्हणजे असेल, असं मला वाटलं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. लाज वाटलेली. मला मीठ खावंसं वाटायचं. नुसतं. आईची खारवायच्या जाड्या मिठाची बरणी मोरीजवळ असते, तिच्यातला खडा मी येता-जाता तोंडात टाकायचे. लोणच्याचा खार चमच्याने प्यायचे. आईने एकदा पकडलं तेव्हा मी लहान पोरीसारखी तोंड पुसत उभी राहिलेले. डॉक्टरांनी मिठाचं नाव काढल्यावर माझी खात्रीच पटली की चूक माझी आहे. आमची आहे. आमच्या खाण्याची, आमच्या जातीची.

मग मी मीठ सोडलं. थोडंबहुत नाही, पूर्ण. मी हट्टी आहे, करायचं ठरवलं की करते. वेगळी अळणी भाजी, अळणी भात. आई ओरडायची, मी ऐकायचे नाही. क्रीम दोन वेळा चोळायचे. तेराव्या दिवशी ऑफिसला निघाले आणि ठाकुर्ली स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर कोसळले. पाय गेले, कानात आवाज, मग काहीच नाही. शुद्धीवर आले तेव्हा एक रिक्षावाले काका तोंडावर पाणी मारत होते. त्यांनीच घरी आणून सोडलं.

आईने भाताची पेज केली, तिच्यात चमचाभर मीठ टाकलं आणि मला भांडंभर पाजली. मी अधाशासारखी प्यायले. तासाभराने मी भिंतीला टेकून बसले होते आणि बोलत होते.

आई म्हणाली, “त्यानं मीठ सोडाला सांगला, तू पडलीस. मीठ खाल्लास, उठलीस. मंग डाक्टर कोन?”

मी म्हटलं, “अगं आई, आपण काळेच. तो काय चुकीचं बोलला?”

आई तिसरी शिकलेली. तिने आपला हात माझ्या हाताशेजारी उताणा ठेवला. “काली तं मी पन हाय. बग माजा हात.” तिचा तळवा फिका, रेषाही फिक्या. माझ्या रेषा कोणी पेनाने ओढल्यासारख्या काळ्या. मग तिने ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. गुलाबी. मी आरशात माझ्या बघितल्या. जांभळट काळे डाग. उन्हाने हिरड्या काळ्या होत नाहीत. एवढी साधी गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची, पदवीधर, आणि मी माझ्याच तोंडात बघितलं नव्हतं.

त्या क्षणी मला रडू नाही आलं. संताप आला. अंगात ताकद नव्हती तरी आला.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मान वर केली. “काय गं, क्रीम लावतेस ना?”

मी म्हटलं, “मला अहो म्हणा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेरच्या बाकावरच्या माणसांनीही ऐकलं असावं, कारण दार उघडं होतं. मी बोलत राहिले. आईचा हात आणि माझा हात त्यांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या पेपरांवर. “ही माझी आई. आमच्यात असा हात असतो. आणि हा माझा. आता बघा.”

“हे बघा, बाहेर पेशंट खोळंबलेत.”

“मीही पेशंट आहे. तुम्ही मला तपासलं आणि काही नाही, असं सहीनिशी लिहून द्या. मी जाते.”

ते त्यांनी दिलं नाही. त्यांनी दोन्ही हातांकडे बघितलं, खूप वेळ. आधी माझा, मग आईचा, परत माझा. मग ठाण्यातल्या हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने चिठ्ठी लिहिली. माझी नजर त्यांनी टाळली. सॉरी म्हणाले नाहीत. मला नकोच होतं.

ठाण्याच्या मॅडमनी आधी मला आडवं झोपवून बीपी घेतलं. मग उभं करून. उभी राहिले तसं ते धाडकन खाली आलं. त्यांनी हिरड्या बघितल्या, बोटांची पेरं बघितली, लहानपणी विळी लागलेला व्रण बघितला. तोही काळा पडलेला. मग सहज विचारलं, “तुम्हाला खारट खावंसं वाटतं का हो?”

तिथे मात्र मी रडले. हुंदके देऊन. वर्षभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मी तो गुन्हा म्हणून लपवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रक्त घेतलं, मग एक इंजेक्शन, तासाभराने परत रक्त. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. माझ्या बंद पडत आलेल्या. अंगातलं मीठ धरून ठेवणारं, बीपी सांभाळणारं, आजारपणात तग धरायला लावणारं हार्मोन त्याच बनवतात. ते कमी पडलं की मेंदू ग्रंथींना आणखी जोरात हुकूम सोडतो, आणि त्याच धडपडीत कातडी काळी होते. क्वचित होणारा आजार आहे. कुठल्याही जातीत होतो, गोऱ्यांतही.

मॅडम म्हणाल्या, “तुम्ही मीठ खात होतात म्हणून टिकलात. आणखी थोडे दिवस अळणी काढले असतेत आणि साधा ताप आला असता, तर वाचणं कठीण होतं.”

म्हणजे मला माझ्या आजाराने नाही, एका वाक्याने मारलं असतं. आणि मेल्यावर तेच डॉक्टर म्हणाले असते, यांच्यात असंच असतं, उशिरा येतात.

आता जन्मभर गोळ्या. उठल्या उठल्या पहिली. ताप आला की दुप्पट. उलट्या झाल्या की इंजेक्शन, तेही ताबडतोब. काळेपणा थोडा उतरलाय. नातेवाईक म्हणतात, “छान दिसतेस गं आता.” मला ते ऐकून चीड येते. मी छान दिसायला गेले नव्हते. मी जगायला गेले होते. लग्नाचं बघणं मी थांबवलंय. कधी सुरू करायचं ते मी सांगेन, असं आईला सांगितलंय.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकीच्या बांगड्या हातात चढेनात. चपलेचा नंबर वाढलाय. जबडा पुढे आलाय, बोटं जाड झालीत. वाड्यात सगळे हसतात, खाऊन सुटली म्हणून. आमचा तोच डॉक्टरही हसला, भात कमी करा म्हणाला. मी काकीचा पाच वर्षांपूर्वीचा, कुणाच्या तरी लग्नातला फोटो घेतला आणि तिला घेऊन ठाण्याला गेले. ग्रंथीचं असेल, नसेल. मी डॉक्टर नाही. पण तपासल्याशिवाय ‘काही नाही’ असं कुणी म्हणायचं नाही.

तेव्हापासून वाड्यातल्या बायका दवाखान्यात जाताना मला हाक मारतात. मी रजा टाकते आणि जाते. आत दुसरी खुर्ची ओढून बसते. नातेवाईकांनी बाहेर थांबायचं, असं मला सांगितलं जातं.

पेशंट म्हणाली तरच मी बाहेर जाते. डॉक्टर म्हणाले म्हणून जात नाही.