वहीत न लिहिलेला शिरा

मागच्या दीड महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी तुम्हा दोघांशी धड बोलले नाही. मधेच उठायचे, खोलीत फेऱ्या मारायचे, फोन तुमच्या आजोबांच्या हातात द्यायचे. धाकटीने एकदा विचारलंही, "आजी रागावली आहे का?" रागावले नव्हते. मला भूक लागलेली असायची आणि वजनाचा काटा जागचा हलत नव्हता. काय चाललं होतं ते नीट क्रमाने लिहिते, म्हणजे फोनवर राहिलेलं बोलणं भरून निघेल.

सुरुवात तुमच्या घरातल्या जिन्यापासून करावी लागेल. तीन वर्षांपूर्वी आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा तुमच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या आणि माझे गुडघे खालच्या. मी दीड महिना हॉलमधल्या सोफ्यावर झोपले. थोरल्याने कागदावर आपल्या खोलीचा नकाशा काढून मला आणून दिला: इथे पलंग, इथे खिडकी, इथे कासवाची पेटी. नातवाची खोली मी नकाशात पाहिली. तो कागद माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे.

परत आल्यावर गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, आधी वजन उतरवा, एवढ्या वजनाखाली नवा गुडघा टिकणार नाही. वजन काही उतरेना, म्हणून त्यांनी नगरच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे धाडलं. हे डॉक्टर ऑपरेशन करून जठर लहान करतात, मग माणूस कमी खातो आणि वजन उतरतं. मी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावून गेले होते. त्यांनी फाइल पाहिली, माझं वजन पाहिलं, एकशे बारा किलो, आणि म्हणाले, "करू या. पण त्याआधी सहा किलो कमी करून या."

मी म्हटलं, "डॉक्टर, सहा किलो मला कमी करता आले असते तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?"

ते हसले. मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. जठरावर यकृताची एक बाजू पडदा टाकल्यासारखी असते. माझं यकृत चरबीने फुगलेलं होतं. ते बाजूला सारल्याशिवाय खालचं जठर दिसणार नाही, आणि फुगलेलं यकृत सारायला गेलं की रक्त येतं. वजन थोडं उतरलं तर ते आकसतं. मुदत सहा आठवड्यांची. "आणि काटा आमचा, घरचा नाही," ते म्हणाले.

प्रत्येक डॉक्टर मला पुढच्या दारात नेऊन उभं करत होता. या शेवटच्या दाराशी मी ठरवलं, इथून परत फिरायचं नाही.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले: वेळ, पदार्थ, किती, वजन. सकाळी सहाला बिनसाखरेचा चहा, अर्धा कप. नऊला मुगाचं एक धिरडं. भाजीत तेल चमच्याने मोजून. आहाराचा तक्ता डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या ज्या मुलीने दिला होता, ती श्रीरामपूरची, तुमच्या आत्याच्या वयाची. दर दोन आठवड्यांनी तिला वही दाखवायची. पहिल्या खेपेला दोन किलो शंभर ग्रॅम उतरले होते. येताना गाडीत मी तुमच्या आजोबांना सबंध तक्ता पुन्हा वाचून दाखवला. ते म्हणाले, "आता मलाही पाठ झालाय. माझ्या थाळीकडे मात्र बघू नकोस."

त्यानंतर काटा अडला.

घरी एक वजनकाटा आणला होता. दिवसातून एकदाच बघायचं असं ठरवून मी चार-पाच वेळा बघू लागले. उठल्यावर, आंघोळीनंतर, फेऱ्या मारून आल्यावर. न्हाणीघराच्या दारातल्या फरशीवर काटा ठेवला की तीनशे ग्रॅम कमी दाखवतो, हा शोध लागला आणि दोन दिवस मी तिथेच वजन केलं. मग स्वतःचीच लाज वाटून काटा जागेवर नेला. बसवत नव्हतं. ओट्यापाशी जायचे, परत यायचे, वही उघडायचे, आकडे पुन्हा बघायचे. गळीत हंगाम सुरू होता, उसाचे ट्रॅक्टर दिवसभर दारावरून जात होते आणि सकाळी वारा कारखान्याकडून आला की उकळत्या रसाचा गोड वास थेट देवघरापर्यंत यायचा. तुमच्या आजोबांनी कपाट जोरात लावलं तरी मी ओरडायचे. तुमचे फोन आले ते याच दिवसांत.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा नगरला गेलो. दोन आठवड्यांत उतरले होते सातशे ग्रॅम. ती मुलगी वही बराच वेळ बघत राहिली.

"आजी, या वहीप्रमाणे खात असाल तर वजन उतरायलाच हवं."

चौतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, मुलांच्या वह्या तपासल्या. माझी वही खोटी आहे असं सुचवणारी ही पहिलीच. "त्यात आहे तेवढंच मी खाल्लं आहे," मी म्हटलं, जरा वरच्या आवाजात.

"स्वयंपाक करताना चव बघता?"

"बघते. लिहिली आहे. तिसरा रकाना."

तेवढ्यात शेजारी बसलेले तुमचे आजोबा हळूच म्हणाले, "आणि संध्याकाळचा शिरा?"

"तो प्रसाद आहे," मी म्हटलं.

माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

आमच्या शेजारच्या वहिनी तुम्हाला आठवत असतील, ज्यांच्या मळ्यात तुम्ही हुरडा खाल्ला होता. माझ्या ऑपरेशनचं कळलं त्या दिवसापासून त्यांनी पोथी लावली होती. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत रोज एक अध्याय आणि देवाला शिऱ्याचा नैवेद्य, असा नवस. रोज दिवेलागणीला वाटीभर शिरा माझ्या हातात. मी हात जोडायचे, कपाळाला लावायचे आणि संपवायचे. प्रसाद टाकायचा नसतो, हे मला माझ्या आईने शिकवलं. तो पोटात जातो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी काहीच लपवलं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त शरम वाटली.

"केवढी वाटी?" त्या मुलीने विचारलं. तुमच्या आजोबांनी हाताने दाखवली. गुरुवारी दोन, कारण गुरुवारी त्यांचा नैवेद्य मोठा.

ती म्हणाली, "मी चर्चला जाते आजी, मला तुमच्या पोथीतलं कळत नाही. पण साजूक तूप कळतं."

शेवटचे दोन आठवडे फक्त पातळ आहार होता: ताक, डाळीचं पाणी, भाज्यांचं सूप, प्रोटीनची पावडर. उरले होते तीन किलो दोनशे. ती म्हणाली, होईल, पण त्या वाटीसकट होणार नाही.

घरी येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. संध्याकाळी वहिनी कुंपणाच्या फाटकातून आल्या. झाकण उघडायच्या आधीच मी म्हटलं, "वहिनी, उद्यापासून प्रसाद नका आणू."

त्या थांबल्या. "का वो बाई?"

"मला चालत नाही."

चुकलंच. इतकी वाक्यं जुळवली होती आणि तोंडून निघालं हे.

"आमच्या हातचं चालंना व्हय आता?" त्या म्हणाल्या. "तीस वर्सं चाललं की."

"तसं नाही हो! वजनाचं म्हणतेय मी. त्या डॉक्टरांनी..."

"परसादानं कुनाचं वजन वाढतंय व्हय? लई शिकल्या तुमी बाई." वाटी घेऊन त्या परत गेल्या. फाटकाची कडी वाजली.

मी मागोमाग जायला हवं होतं. गुडघ्यांनी दारापर्यंतच साथ दिली असं तुम्हाला सांगता येईल, पण खरं म्हणजे मला सुचलं नाही. तीस वर्षांत माझ्या घरातल्या सोवळ्या-ओवळ्याचा विषय त्यांनी कधी काढला नव्हता. त्यांच्या मनात ते कुठेतरी होतं आणि मी त्यालाच जाऊन हात लावला.

दोन दिवस फाटक उघडलं नाही. काटा मात्र पहिल्याच सकाळी पाचशे ग्रॅम उतरला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो आकडा समोर होता आणि मी तो लिहायचा विसरले. सारखी खिडकीशी जात होते. त्यांच्या अंगणात कपडे वाळत होते, कुकरची शिट्टी व्हायची, माणूस दिसत नव्हतं. "जा आणि सांग सगळं," तुमचे आजोबा म्हणाले. "नाहीतर फरशी झिजवशील."

तिसऱ्या दिवशी काठी घेतली, वही घेतली आणि गेले. वहिनी लसूण सोलत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी आपण होऊन बसले आणि वही पुढे केली. वही मी सवयीने इंग्रजीत लिहिली होती आणि त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी एकेक ओळ मराठीत वाचली. चहा, धिरडं, ताक, सगळं. मग म्हटलं, "यात तुमचा शिरा एकदाही नाही. मी त्याला खाणं समजलेच नाही, वहिनी. माझ्या लेखी ते तुमचं मागणं होतं."

त्यांनी लसूण खाली ठेवला. "मंजी माज्या नवसानंच आपरेशन अडलं म्हना की!"

आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, मग जरा रडल्याही. मीसुद्धा. त्यांनी चहा केला, बिनसाखरेचा.

त्या संध्याकाळी पुन्हा वाटी आली. झाकण काढलं तर आत पाणी आणि तुळशीचं एक पान. "शिरा देवाला, तीर्थ तुमाला," त्या म्हणाल्या. "त्याला कुटं आपरेशन हाय?" शिऱ्याची वाटी गेली आजोबांच्या हातात. पुढच्या दीडेक आठवड्यात त्यांचं वजन दीड किलोने वाढलं. तेही मी वहीत लिहिलं आहे.

शेवटच्या वजनाच्या दिवशी सकाळपासून मी घोटभर पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. राहुरीच्या पुढे उसाची ट्रॉली उलटली होती, पाऊण तास तिथेच गेला, आणि मी गाडीत बसल्या बसल्या पर्सच्या बंदाला गाठी मारत होते. काट्यावर चढताना स्वेटर काढला, घड्याळ काढलं, चष्मासुद्धा काढला. मग आकडा दिसेना. नर्सने वाचला: एकशे सहा पूर्णांक दोन.

दोनशे ग्रॅम राहिले होते.

डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली. म्हणाले, "छान आकसलंय. पुढच्या मंगळवारची तारीख देतो."

"पण दोनशे ग्रॅम कमी पडले आहेत," मी म्हटलं. तुमच्या आजोबांनी माझा दंड दाबला. मी थांबले नाही. "सहा म्हणजे सहा, डॉक्टर. मी शुक्रवारी पुन्हा येते."

"बाई, मला यकृत हवं होतं, आकडा नको होता," ते म्हणाले. "आणि तुम्ही शिक्षिका ना? समजा ग्रेसने पास झालात."

ग्रेसचे गुण द्यायला मी जन्मभर कुरकुर केली आहे. ते घेतले आणि गाडीत बसेपर्यंत कोणाकडे पाहिलं नाही.

वहिनी फाटकातच उभ्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "ते दोनशे गिराम माज्या शिऱ्याचं." नवस फेडायचा होता. त्यांनी नैवेद्याच्या शिऱ्यातला रव्याचा एक दाणा बोटावर घेतला आणि माझ्या जिभेवर ठेवला. मी तो वहीत लिहिला: शिरा, एक दाणा.

आज रविवार. बॅग भरून झाली आहे, फाइल वरच ठेवली आहे, आणि सकाळपासून तीनदा दोन्ही उघडून पाहिली. ऑपरेशन म्हणजे ऑपरेशन, भीती वाटते. त्यानंतर वजन उतरायला महिने लागतील, मग गुडघे, मग चालायला शिकणं. डॉक्टरांना विचारलं तर ते तारीख सांगत नाहीत. मला तारखेशिवाय सुचत नाही, म्हणून थोरल्याचा तो नकाशा काढून बसले आहे. त्याने कोपऱ्यात जिनाही काढला आहे, पण घाईत चारच रेघा मारल्या आहेत. खऱ्या पायऱ्या किती आहेत, मधे वळण आहे का आणि कठडा कोणत्या हाताला येतो, एवढं तुम्ही दोघांनी मोजून मंगळवारच्या आत मला कळवा.