बरोबर ना, गुरुजी?

आमच्या आमदारांना एक सवय आहे. विधानसभेत बोलायचं असलं की भाषण लिहून काढतात आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी वाचून दाखवतात. बिघडलेल्या हवेने करपणाऱ्या मोहोराबद्दल असेल तर बागायतदाराला, निराधार बायकांच्या पेन्शनबद्दल असेल तर त्यांच्याच ओटीवर बसून. कानावर पेन्सिल असते. "सभागृहात खोटं नको जायला," म्हणतात.

कमी पटाच्या शाळा बंद करू नका, असं बोलायचं होतं तेव्हा ते गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, सड्यावरच्या माझ्या शाळेत आले. मुलं सात, गुरुजी मी एकटा. वाचता वाचता एका वाक्यापाशी थांबले. "'इथले शिक्षक बदली मागत नाहीत.' बरोबर हाय ना, गुरुजी?"

शहरात बदली मिळावी म्हणून भरलेला अर्ज माझ्या खणात होता. मी म्हणालो, "बरोबर." त्यांनी पेन्सिल हातात घेऊन पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो.

शाळा वाचली. चार महिन्यांनी मी रत्नागिरीतल्या शाळेत हजर झालो.

पुढच्या अधिवेशनात ते बोलायला उभे राहिले, ते आम्ही शिक्षकांच्या खोलीत मोबाईलवर बघत होतो. "मागे मी एका शिक्षकाबद्दल बोललो होतो. ती माहिती चुकीची होती. मी नीट विचारून घेतलं नाही. चूक माझी."

शेजारचे सर हसले. "काय तुमचे आमदार! साधी चौकशी करत नाहीत."

मी म्हणालो, "बरोबर."