आईने निंदलेले दहा चौकोन

मी एम.एस्सी.ला गवताचा अभ्यास करतो, हे गावात सांगायला मला अवघड जायचं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची. आयुष्यभर गवत उपटून तिने मला शिकवलं आणि शिकून मी काय करत होतो, तर गवत वाढवत होतो.

बहात्तरच्या दुष्काळात गावाजवळचा माळ पार उघडा पडला होता. ती सरकारी चराईची जमीन, आमच्याकडे तिला ई-क्लास म्हणतात. उपाशी ढोरांनी गवत बुडापर्यंत खाल्लं. पुढे पाऊस आला तेव्हा माती धरून ठेवायला काही उरलं नव्हतं, ती वाहून गेली आणि मुरूम वर आला. अमरावतीला आमचे मार्गदर्शक सर होते, त्यांचा प्रश्न साधा होता. अशा जमिनीत काही पेरलं नाही, नांगरलं नाही, फक्त ढोरं आत येऊ दिली नाहीत, तर ती आपली आपण सावरते का? एवढ्या प्रश्नावर पदवी मिळते, याचं मलाच नवल वाटलं होतं.

सरपंचांना विचारून मी माळाचा एक तुकडा बाभळीच्या काट्यांनी कुपाटी करून बंद केला. आत दहा चौकोन आखले, प्रत्येक मीटरभर लांब, मीटरभर रुंद. कोपऱ्यांना चार खुंट्या आणि भोवती सुतळी. कुपाटीबाहेरही तसेच दहा, पण उघडे. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी, कुसळं झडायच्या आत, प्रत्येक चौकोनातलं गवत कापून, जातवार मोजून, वाळवून तोलायचं, की प्रबंध लिहायला मोकळा. गावची ढोरं चारणारा म्हातारा मला भेटला की मुद्दाम विचारायचा, यंदा गवत कोणत्या बाजारात नेता, कारंज्याच्या की वाशीमच्या. मी हसून पुढे जायचो. आई मात्र हसायची नाही.

मोजणीच्या आठवड्यात सर स्वतः माळ बघायला येणार होते. मी घरी कार्ड टाकलं, की रविवारी साहेब येताहेत. शेजारच्या शिक्षकांनी ते आईला वाचून दाखवलं.

शनिवारी दुपारी एस.टी.तून उतरलो तो घरी न जाता थेट माळावर गेलो. कुपाटीचं काटेरी झाकण सरकवलं आणि तिथेच थांबलो. दहाच्या दहा चौकोन स्वच्छ होते. अंगण झाडावं तसा लाल मुरूम, गवताची एक काडी नाही. भोवतीचं गवत तसंच उभं, मधे हे दहा टकले चौकोन. पहिल्या पावसाळ्यापासूनच्या नोंदी याच चौकोनांच्या होत्या, नवे आखून चालणार नव्हतं. शिष्यवृत्ती त्याच वर्षापुरती होती. आणखी एक पावसाळा थांबायचं म्हणजे शिक्षण सोडायचं, हे मला माहीत होतं. मी खाली बसलो.

मला बसमधून उतरताना कोणीतरी पाहिलं असावं. थोड्या वेळाने आई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"काहून रे, असा काहून बसला?"

मी चौकोनांकडे बोट केलं. तिला वाटलं, मी कौतुक करतोय.

"दोन दिवस लागले मले. सायेब येऊन राह्यले म्हटलं. लोकं मले हासतात, बाईचं पोरगं येवढं शिकलं आन् त्याच्या वाफ्यात नुसतं तन. कोणी पाह्यलं तं म्हनन, माय निंदनाले जाते आन् घरचंच वावर असं."

मी हळूच म्हणालो, की ते गवतच माझं पीक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, चौकोनांकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. उपटलेलं गवत ढोरांना गेलं असणार, असं धरूनच मी विचारलं, कोणाच्या गोठ्यात टाकलं?

तिला राग आला. "असं कसं नेईन? मालकाले इचारल्याबिगर?"

निंदणाऱ्या बायकांची ती रीत होती. उपटलेलं गवत बकरीसाठी न्यायचं तर आधी मालकाला विचारायचं. आई जन्मभर ती पाळत आली होती. इथे मालक मी होतो आणि मी अमरावतीला होतो. म्हणून तिने सगळं गवत कुपाटीच्या कडेला, सावलीत ठेवलं होतं. मी उठून गेलो. दहा ढीग होते. प्रत्येकावर दगड आणि प्रत्येकात एक-एक खुंटी खोचलेली.

"दोरी बांधली म्हंजे येगयेगळं असन म्हटलं. ज्या वाफ्यातलं तन, त्या वाफ्याची खुटी."

माझ्या खुंट्यांवर मी आकडे कोरले होते. तिला वाचता येत नव्हतं, तरी एकही ढीग चुकला नव्हता. मी पुन्हा खाली बसलो, पण या वेळी वेगळ्या कारणाने. आईने तांब्या पुढे केला आणि मी सगळा रिकामा केला.

रविवारी सर आले. मी वाटेतच सगळं सांगून टाकलं. ते ढिगांपाशी उकिडवे बसले. एक ठोंब उचलून मुळं निरखली. आपण कापणार होतो, म्हणाले, त्यात मुळं कुठे मिळाली असती? मग त्यांनी आईला जवळ बोलावलं आणि दुपार होईपर्यंत तिघं मिळून जाती निवडत बसलो. एका ढिगात आईचा हात थांबला. तिने दोन-तीन ठोंब वेगळे काढले.

"हा पवन्या हाये. दुष्काळाच्या आंधी लय होता इथं. मंग दिसलाच नाई. इथं निंदताना पाह्यला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेरच्या उघड्या चौकोनांत पवन्या गवत कुठेच नव्हतं, कुपाटीच्या आत मात्र ते आपलं आपण परतलं होतं. आमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या हातात होतं.

निघताना मी भीत भीत विचारलं, प्रबंधात हे कसं लिहायचं. सर म्हणाले, "झालं तसं लिही. गवत मुळासकट उपटलं, कुशल हातांनी उपटलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

मी तसंच लिहिलं आणि पास झालो. निकालानंतर, पुढच्या श्रावणात, आईला माळावर घेऊन गेलो. उपटताना झडलेलं बी रुजलं होतं. दहाही चौकोन हिरवे झाले होते आणि दोन-तीन ठिकाणी पवन्याचे कोंब होते. मला इतकं हलकं वाटलं, की मी मोठ्याने हसलो. आई मात्र वाकून एक-एक चौकोन बघत राहिली. तिचा चेहरा पडला होता.

"म्या तं सारं काढलं होतं," ती म्हणाली. "माह्या हातचं निंदन असं कधी झालं नाई."