दिनूच्या यादीतली दोन कामं

मी शाळेत नववीचा तास घेत होते. शिपायाने दारातूनच सांगितलं, "बाई, दिनूभाऊ गेले." आदल्या संध्याकाळी तर तो जेटीवर भेटला होता... अंगात ताप आहे म्हणाला, तरी थट्टा सोडली नव्हती. त्याला जाऊन आता महिना होईल.

दिनू माझा बालमित्र. मुंबईची नोकरी सोडून आईसाठी मालवणला परतला, तेव्हा कंपनीने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घेऊन आला. वाडीला वाटलं, टीव्हीच आणला! त्यावर त्याने कामांच्या यादीचा प्रोग्राम लिहिला होता. साधा मजकूर, ओळीला एक काम, आणि ओळीच्या शेवटी त्याआधी व्हायला हव्या असलेल्या कामाचा क्रमांक. ज्यांचं कशावाचून अडलेलं नाही, तेवढीच कामं मशीन 'आज' म्हणून दाखवायचं. माणूसही तसाच, आधी हे, मग ते. मी चिडवायची, "शिंक येवच्या आधी काय लिवलंस रे?"

एका रविवारी गेले तर हा वैतागून बसलेला. दोन कामं 'आज'मध्ये कधी येतच नव्हती, घराची डागडुजी आणि स्वतःचं लग्न. त्याच्या आईचा, म्हणजे काकींचा हट्ट, "सून इल्याशिवाय मी घराक हात लावूचंय नाय." आणि हा म्हणे, "गळक्या घरात सून कशी आणू?" दोघांचंही मन राखायला त्याने लग्नाआधी घर लिहिलं होतं आणि घराआधी लग्न. मला हसूच आवरेना.

"दोनय कामां एकमेकांची वाट बघतत रे. मशीन तरी काय दाखवतला?"

"मगे?"

"एकाक तरी आधी हलूक व्हया."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याच वयाची, बिनलग्नाची. आता तरी विचारेल म्हणून मी कानात प्राण आणून बसले होते... "बघूया हां," म्हणाला, आणि चहा ठेवायला उठला. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. त्याचं दोन्ही राहिलं. आणि माझंही राहिलं, हे मी कुणाला सांगू?

परवा काकींनी बोलावलं. कौलं नवी होती, भिंतींचा गिलावा अजून ओला. "आता कोणाची वाट बघू?" म्हणाल्या. मला दिनूच्या खोलीत नेलं, भिंतीवरून हात फिरवला.

"रंग खयचो देवया गो? तुका आवडात तोच सांग."

फिका निळा, मी म्हटलं. मग त्याच्या खुर्चीत बसून पोटभर रडले. काकींनी का म्हणून विचारलं नाही.